घर विकायचं तर विका, पण बंदीच्या दिवसांत नको



१६ जून जवळ आली. त्या दिवसापासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद. नदी-नाल्याला न जोडलेल्या छोट्या तलावांना सूट असली, तरी आपल्यातल्या बहुतेकांची जाळी खुंटीवर जाणार आणि डोंगे उपडे होणार. दरवर्षी याच सुमारास समितीच्या दारात एक विषय येतो: "घर विकायचं हाय, गिऱ्हाईक असंल तं सांगा." यंदा आतापर्यंत पाच जण येऊन गेले. कोणाला पोरीचं लग्न उरकायचं आहे, कोणावर कर्ज आहे, कोणाचा पोरगा नागपूरहून फोन करतो, "बाबा, विकून टाका, इकडंच फ्लॅट घेऊ." पाचही घरं अजून तशीच उभी आहेत. गिऱ्हाईक येतं, भिंतीवर हात ठोकून पाहतं, चहा पितं आणि "सांगतो" म्हणून जातं.

समिती काही दलाली करत नाही. पण सभासदाचं घर हा समितीचा विषय नाही असंही आम्ही म्हणू शकत नाही. का ते खाली सांगतोच. लिहिणं थोडं लांबेल, पण पावसाळा लागायच्या आत एकदा बसून वाचा, घरच्या बाईमाणसांनाही वाचून दाखवा.

आधी दराचं बोलू.

५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. कामासाठी छिंदवाड्याच्या चकरा कमी होणार होत्या. पण त्याच आठवड्यात सावरगावात प्रत्येक घराचा भाव वाढला, म्हणजे मालकाच्या मनातला भाव. "आता जिल्हा झाला ना भाऊ, चौदाच्या खाली बोलायचंच नाही." अडीच वर्षं होऊन गेली. हायवेच्या बाजूला, नव्या कचेऱ्या येतील अशा भागात, मोकळ्या प्लॉटचे भाव चढले हे खरं. पण ते भाव मोकळ्या जागेचे, डायव्हर्शन झालेल्या जागेचे, रुंद रस्त्याच्या जागेचे. आपलं घर जामेच्या काठी, डोंगा वाहून नेता येईल एवढ्याच गल्लीत, वडिलांनी बांधलेलं, अर्धं कौलारू अर्धं स्लॅबचं. हायवेच्या प्लॉटचा भाव त्याला लावता येत नाही. कतलाचा भाव झिंग्याला कोणी देत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि खरं पाहिलं तर बाजारात बसणारे आपण. सकाळी सातला रोहू ज्या भावानं बोलतो, त्या भावानं दुपारी बाराला बोलत नाही. ऊन चढलं की वीस रुपये कमी करतो, अजून चढलं की तीस. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं की आज बाजार मंद आहे. मग तोच माणूस घराच्या बाबतीत एका आकड्यावर दोन-दोन वर्षं काहून अडून बसतो? घर सडत नाही म्हणून. पण घर सडत नसलं तरी त्यावरचं कर्ज वाढत असतं.

आपल्याच एका सभासदाचा हिशेब त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता मांडतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराला साडेदहा लाखांचं गिऱ्हाईक होतं. त्यांनी चौदा धरून ठेवले. डोक्यावर सावकाराचं तीन लाखांचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याज. म्हणजे महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार, दोन वर्षांत एक लाख चव्वेचाळीस हजार गेले, आणि मुद्दल तीन लाख तसंच. गेल्या पावसाळ्यात एक बाजू गळायला लागली, त्यावर वीस हजार. आता गिऱ्हाईक दहा लाख म्हणतं. दोन वर्षांपूर्वी विकलं असतं तर कर्ज फेडून साडेसात लाख हातात असते. आज विकलं तर व्याज आणि डागडुजी धरून पाच लाख छत्तीस हजार पडतात. दोन लाख चौदा हजारांचा फरक. चौदा लाख मागताना त्यांना वाटत होतं की आपण काही गमावत नाही आहोत, फक्त थांबलो आहोत. व्याजाचं मीटर चालू असलेल्या माणसाचं थांबणं फुकट नसतं.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं: ज्याच्या डोक्यावर महिन्याचं व्याज आहे आणि ज्याला घर विकायचंच आहे, त्यानं आजचा भाव विचारावा, मनातला नाही. आजूबाजूला गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष रजिस्ट्री झालेली दोन-तीन घरं कितीला गेली ते शोधा. "अमक्यानं इतके मागितले" हा भाव नाही, "अमक्याला इतके मिळाले" हा भाव.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. तिच्यासाठीच हा लेख आम्ही आज टाकतो आहोत.

काही जण आकड्यावर अडतात, तर काही जण आषाढात घाबरतात. जाळं वर गेलं, घरात पैसा नाही, शाळा उघडली, दवाखाना लागला. घ्यायला येणाऱ्यालाही आपली बंदी कधी लागते ते माहीत असतं. तो मे महिन्यात घर पाहून जातो आणि जुलैत परत येतो. मे महिन्यात नऊ म्हणणारा जुलैत साडेसहा म्हणतो. आपल्या एका सभासद काकूंचं असंच झालं. नवरा गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांनी घर लिहून दिलं. लिहून दिलं म्हणजे रजिस्ट्री नाही, स्टॅम्प पेपरवर. इसार रोख घेतला, बाकीचे पैसे "पोळ्यापर्यंत देतो" असं ठरलं. पोळा गेला, दिवाळी गेली. बाकी पैसे तुकड्यातुकड्यानं आठ महिन्यांनी मिळाले, आणि रजिस्ट्रीच्या वेळी लेकींच्या सह्यांवरून आणखी घोळ झाला. त्यात काकूंचा दोष एवढाच की त्या जुलैत विकायला निघाल्या.

जो माणूस रोहूच्या भावात पारंगत आहे, तोच घर मात्र मासोळीसारखं विकतो: आज नाही गेलं तर उद्या सडेल, अशा घाईनं. आमचं दुसरं म्हणणं हेच: १६ जून ते १५ ऑगस्ट या दोन महिन्यांत कोणत्याही सभासदानं घराचा सौदा ठरवू नये. बोलणी करा, कागद गोळा करा, घर दाखवा. इसार घेऊ नका. गिऱ्हाईक खरं असेल तर पोळ्यानंतरही येईल.

मग त्या दोन महिन्यांत खायचं काय, हे विचारणं रास्त आहे. बचत-सह-राहत योजनेत सभासदाचे पंधराशे आणि सरकारचे तीन हजार मिळून साडेचार हजार येतात. तीन महिन्यांचा तो आधार आहे, पण घर त्यावर चालत नाही हे आम्हालाही कळतं. दुसरा रस्ता किसान क्रेडिट कार्डाचा. २०१८-१९पासून ते मासेमारांनाही लागू झालं आहे. दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला वर्षाला सात टक्के, आणि वेळेवर फेडलं तर चार टक्केच व्याज पडतं. सावकाराचं शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. चार आणि चोवीस. आपल्यातल्या निम्म्या जणांनी अजून अर्जच भरला नाही, आणि सावकाराकडे मात्र अर्ज न भरताच गेले. ज्यांचं कार्ड नाही त्यांनी या आठवड्यात आधार, पासबुक आणि सभासद पावती घेऊन कार्यालयात या. बँक लगेच देईल असं आम्ही वचन देत नाही, चकरा माराव्या लागतात. पण त्या चकरा घर गमावण्यापेक्षा स्वस्त पडतात.

आता कागदाचं. घर विकत नाही याचं सगळ्यात मोठं कारण भाव नाही, कागद आहे, असं आमचं मत बनलं आहे.

आजचं गिऱ्हाईक रोख रक्कम पिशवीत घेऊन फिरत नाही. शिक्षक असो, कचेरीतला बाबू असो, बोरगावच्या कारखान्यातला कामगार असो, तो बँकेचं कर्ज काढून घर घेतो. आणि बँक घर पाहत नाही, कागद पाहते. आपल्याकडचा कागद काय? आजोबाच्या नावाची घरपट्टीची पावती. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वडीलही गेले, नामांतरण कोणीच केलं नाही. अशा घराला बँक कर्ज देत नाही. मग उरतं फक्त रोखीचं गिऱ्हाईक, आणि तो अर्ध्या भावात मागतो. मंदी बाजारात थोडी आणि आपल्या पेटीत जास्त आहे.

विकायचं असो वा नसो, बंदीचे दोन महिने रिकामे असतात, तर ही कामं करून ठेवा:

एक. वारसांचं नामांतरण. घर गावठाणात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर स्वामित्व योजनेत त्याचं मोजमाप झालं का ते पटवाऱ्याकडे विचारा. ही योजना २४ एप्रिल २०२०ला सुरू झाली. ड्रोननं आबादीची मोजणी होऊन घराचा अधिकार अभिलेख मिळतो. १८ जानेवारी २०२५ला एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांवर कार्डं वाटली, त्यात मध्य प्रदेशही होता. कार्ड आलं असेल तर नाव, हद्द आणि क्षेत्रफळ नीट तपासा. शेजाऱ्याचं अंगण आपल्यात किंवा आपलं शेजाऱ्यात गेलं असेल तर आत्ताच हरकत घ्या. घर नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर पालिकेच्या नोंदीत आपलं नाव चढवून घ्या.

दोन. लेकींच्या सह्या. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे, आणि ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. "तिचं लग्न झालं, तिचा काय संबंध" हे आता चालत नाही, आणि आमच्या मते चालूही नये. बहिणीला आधी सांगा, तिचा वाटा ठरवा, मग गिऱ्हाईक शोधा. सौदा झाल्यावर बहिणीला कळलं तर सौदाही मोडतो आणि भाऊबीजही.

तीन. पट्ट्याची जागा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं घर सरकारी पट्ट्यावर आहे. अशी जागा आपल्या मनानं विकता येत नाही. आधी तहसीलमध्ये लेखी विचारा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, नोटरी केली, मुखत्यारपत्र दिलं, म्हणजे घर विकलं असं होत नाही. मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्येच सांगितलं आहे. घेणाराही फसतो, देणाराही अडकतो.

चार. पैसा बँकेतून. घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. पकडलं तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि सरकारचं सोडा, रोख इसाराचा पुरावा राहत नाही. चेक किंवा खात्यात घ्या. बाकी रक्कम रजिस्ट्रीच्या दिवशीच, "पोळ्यापर्यंत" नाही.

पाच. कलेक्टर गाइडलाइन पाहा. दरवर्षी १ एप्रिलपासून आपल्या वॉर्डाचा किंवा गावाचा नवा सरकारी दर लागतो. सौदा त्याच्या खाली झाला तरी स्टॅम्प ड्यूटी गाइडलाइनवरच भरावी लागते. तो खर्च घेणाऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून तो आपल्याला देताना हात आखडतो. गिऱ्हाईकाला एक गोष्ट आपण होऊन सांगा: स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी शुल्कात दोन टक्क्यांची सवलत आहे, २०२१पासून. दहा लाखांवर वीस हजार होतात. अशा वीस हजारांवरही मोडणारा सौदा जुळतो.

सहा. नफ्यावरचा कर. घर दोन वर्षांहून जास्त आपल्याकडे असेल तर विक्रीच्या नफ्यावर कर लागू शकतो. त्या पैशातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. सौद्याच्या आधी जाणकाराला विचारा, नंतर नाही.

एवढं केलं तर तेच घर त्याच गल्लीत जास्त भावानं जाईल. आणि गिऱ्हाईक लांब शोधू नका. आपल्या घराची सगळ्यात जास्त किंमत ज्याला आहे तो बहुतेक वेळा भिंतीला भिंत लागलेला शेजारीच असतो. त्याच्या पोराचं लग्न झालं आहे, त्याला दोन खोल्या कमी पडतात. पण त्याच्याशी मोरीच्या पाण्यावरून बोलणं बंद म्हणून आपण पांढुर्ण्याच्या दलालामागं फिरतो. आधी मोरीचं भांडण मिटवा.

आता शेवटचं, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

समितीचा सभासद कार्यक्षेत्रात राहणारा पाहिजे, असं आपल्या उपविधीत आहे. तलावाचा पट्टा दहा वर्षांचा असतो आणि तो समितीला मिळतो तो आपण इथले, पिढीजात मासेमारी करणारे म्हणून. घर विकून नागपूरला गेलं की इथला पत्ता गेला. पत्ता गेला की सभासदत्वावर प्रश्न आला. सभासदत्व गेलं की तलावातला वाटा गेला. घराची किंमत काढताना हा वाटा कोणीच धरत नाही. दहा लाखांच्या घरासोबत आपण कदाचित पुढच्या पिढीचा पाण्यावरचा हक्कही विकून राहिलो, आणि त्याचा मोबदला शून्य. विकणाऱ्यांत डोंगेवालेही आहेत. त्यांनी एवढंच सांगावं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डोंगा कुठं उपडा करणार आणि जाळं कुठं वाळवणार?

नागपूरला जाणाऱ्या पोरांना आम्ही नावं ठेवत नाही. तिथं काम आहे, इथं नाही. हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. जपानसारख्या श्रीमंत देशात २०२३च्या सरकारी मोजणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, त्यात खेड्यांतली पुष्कळ. म्हातारे गेले, पोरं शहरात, घर घ्यायला कोणी नाही. तेव्हा आपल्या घराला गिऱ्हाईक येतं आहे, भाव कमी का असेना, ही लहान गोष्ट नाही. पण ज्याला निकड नाही त्यानं पोराच्या एका फोनवर घर काढू नये.

विकणं आणि पडून ठेवणं यांच्यामध्ये तिसरी वाट आहे. जिल्हा झाल्यानं घर घेणारे फार आले नसतील, पण भाड्यानं राहणारे आले आहेत. बदलून आलेले कर्मचारी, नर्सबाई, शिकवणीची पोरं. पुढच्या दोन खोल्या नीट करून, वेगळा संडास-मोरी काढून भाड्यानं द्या. अकरा महिन्यांचा लेखी करार करा, भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद द्या. महिन्याला चार हजार आले तरी वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार होतात, बंदीचे दोन महिने त्यावर निघतात, घर आपलं राहतं आणि पत्ताही राहतो. ज्यांच्यावर मोठं व्याज नाही, त्यांनी आधी हे करून पाहावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

काही सभासद म्हणतील, समितीनं मासोळीचं पाहावं, आमच्या घरात काहून शिरता. बरोबर आहे, घर तुमचं आहे आणि निर्णयही तुमचाच. पण गेल्या काही वर्षांत जे सभासद गेले ते मासोळी कमी झाली म्हणून नाही गेले, घर गेलं म्हणून गेले. पाचाची सही कमी झाली की समितीची बैठकसुद्धा लटकते. म्हणून बोललो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामेत पळसाचा झेंडा रोवला जातो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर आपण, आणि दिवसभर गोटे. शेवटी झेंडा तुटतो, चंडीमातेला जातो आणि दोन्ही काठ घरी जातात. घराच्या सौद्यातही विकणारा एका काठावर आणि घेणारा दुसऱ्या काठावर असतो. दिवसभर गोटे मारले तर दोघांचीही डोकी फुटतात. कागद साफ ठेवा, आजचा भाव बोला, आणि वर्षाचा चांगला वेळ निवडा. त्या झेंड्याच्या आधी, म्हणजे या पावसाळ्यात, कोणी इसार घेऊन आलं तर त्याला चहा पाजा आणि सांगा, "पोळ्यानंतर या."

क्रेडिट कार्डाचे अर्ज आणि नामांतरणाचे कागद यासाठी समितीचं कार्यालय बंदीच्या काळात रोज सकाळी उघडं राहील. लाज वाटून घेऊ नका. कर्ज सगळ्यांवर आहे.

आपला,
सचिव, समितीच्या वतीनं
सावरगाव